वारसा समिती म्हणजे मी

५ सप्टेंबर, रविवार

समितीचं कामकाज लिहायला चर्चच्या मंडळीनं जाड पुठ्ठ्याची वही दिली आहे. त्या वहीत सगळे सज्जन, कामसू आणि देवभीरू दिसतील. बाकीचं लिहायला ही दैनंदिनी.

उपासनेनंतर आज पाळकसाहेबांनी जाहीर केलं की यंदा ऑक्टोबरअखेर धर्मसुधारणा दिनाला आपल्या मंडळीनं लूथरन वारसा नुसता साजरा करायचा नाही, समजूनही घ्यायचा. प्रदर्शन, दर बुधवारी वर्ग, शेवटी व्याख्यान आणि जुनी गीतं. त्यासाठी वारसा समिती नेमली आहे आणि तिच्या अध्यक्षपदी मी! टाळ्या इतका वेळ चालल्या की माझ्यासारखीलाही संकोच वाटला. समितीत आणखी कोण, विचारलं, तर साहेब म्हणाले, तुम्हाला मोकळेपणानं काम करता यावं म्हणून दुसरं कोणी ठेवलेलं नाही. म्हणजे अध्यक्ष मी, सभासद मी आणि कप विसळणारीही मीच.

दारात हात मिळवताना साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, क्वायरमध्ये इतकी वर्षं झाली. आता तुम्ही क्रांती घ्या."

'घ्या' नव्हे, 'करा'. पाळक होण्याच्या अभ्यासात व्याकरण शिकवत नसावेत. पण भावना पोचली. पाचशे वर्षांपूर्वी लूथरनं पोपविरुद्ध केली, आता मी करायची. मी म्हटलं, "जरूर. क्वायर सांभाळून करीन." त्यांचा चेहरा पडला. माझ्यावर दोन दोन कामांचा भार पडणार म्हणून वाईट वाटलं असेल. पाळक वयानं पोरगाच, पण मायाळू आहे.

क्वायरचा वरचा सूर म्हणजे मी, हे सांगायला नकोच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे आणि त्याच्या श्वासावरून तो खोटं बोलतोय की खरं. मंडळीत मला टेलिफोनबाई म्हणतात ते उगाच नाही. कान ही देवाची देणगी आहे, प्रत्येकाला मिळत नाही.

८ सप्टेंबर, बुधवार

घरात आम्ही दोघीच. चिरंजीव बोटीवर इंजिनिअर, म्हणजे बायकोला सांभाळायला आई आणि आईला सांभाळायला बायको ठेवून साहेब समुद्रावर हवा खातात. सूनबाई छपाईच्या दुकानात डिझाइन करते. मुलगी गुणाची, पण बोलते ती स्वतःच्या पदराशी. आमचं संभाषण म्हणजे एक बोलते, दुसरी पुटपुटते.

आज गॅसवाला घंटा वाजवून वाजवून परत गेला म्हणे. घंटाच बिघडली आहे. टीव्हीचंही तेच. हल्ली कंपन्या यंत्रात चित्र घालतात आणि आवाज घालायचा विसरतात.

प्रदर्शनाचे फलक सूनबाईच करून देणार आहे. जेवताना म्हणाली, "आई, एकदा पान दाखवून येऊ या का डॉक्टरांना?" प्रदर्शनाचं पान डॉक्टरांना कशाला दाखवायचं? त्यांना लूथरमधलं काय कळतंय? मी तसं म्हटलं, तर पोळी तोंडाशी धरून बघतच राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे." हिचं नेहमीच 'जाऊ दे'. कुठलंही काम तडीस न्यायचं म्हणून नाही.

१५ सप्टेंबर, बुधवार

गेला आठवडाभर लूथर वाचते आहे. माणूस मला पटला. पोटाची तक्रार, तोंडाचा पट्टा आणि आपण सोडून बाकी सगळे चुकताहेत ही खात्री. तरुणपणी मठात असताना म्हणे तासन् तास पापकबुली द्यायचा. ऐकणारा बिचारा कंटाळून म्हणायचा, काहीतरी सांगण्यासारखं पाप कर आणि मग ये.

एक गोष्ट मात्र पटली नाही. तोपर्यंत उपासनेत गायचं ते धर्मगुरूंनी आणि तयार गायकांनी, तेही लोकांना न कळणाऱ्या भाषेत. लूथरनं गीतं लोकांच्या बोलीत आणली आणि गाणं बाकांवर बसलेल्यांच्या हाती दिलं. हेतू चांगला, पण त्यानं आमचा प्लंबर ऐकला नव्हता. हा गृहस्थ शेवटच्या बाकावर उभा राहून गातो तेव्हा पाइपात हवा अडकल्यासारखं वाटतं. सगळ्यांना गायला दिलं की असं होतं. व्याख्यानात हे सौम्य शब्दांत मांडीन.

आज पहिला वर्ग. लोक बऱ्यापैकी आले. चहा-बिस्किटं आहेत हे जाहीर केलं होतं. मी कृपेवर बोलले: तारण कृपेनं मिळतं, कामाच्या मोबदल्यात नाही, ते कमवता येत नाही. लूथरच्या प्रश्नोत्तरीतला प्रश्न सगळ्यांकडून म्हणून घेतला, "याचा अर्थ काय?" प्लंबरनं हात वर केला. "बाई, सगळं फुकटच आहे तर मागच्या वर्षी हॉल रंगवायला मला का लावलं?" लोक हसले. मी म्हटलं, कृपा फुकट, भिंती नव्हे. आणि आधी हजेरीपटावर सही करा; वर्गाला कोण येतं आणि कोण नाही याची मी नीट नोंद ठेवणार आहे.

२६ सप्टेंबर, रविवार

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या ऑर्गनवाल्यासाठीच असावी. हे गृहस्थ चौकात घड्याळं दुरुस्त करतात. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणतात. आमच्या ह्यांचे जिवलग मित्र. आमचे हे वारले, पण मैत्रीचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवून गेले. वर्षागणिक घड्याळजी गीतं खालच्या पट्टीत वाजवत चालले आहेत. आळस! वरच्या पट्ट्यांपर्यंत हात जात नाही की काय? आणि वाजवतात इतकं हळू की मला अंदाजानंच सुरुवात करावी लागते. आज विचारलं, तर नुसती मान हलवली. घड्याळांच्या संगतीत राहून माणूस टिकटिकीपुरताच उरला आहे.

क्वायरच्या सरावाला हल्ली मला कोणी बोलावत नाही. अध्यक्षांना त्रास नको म्हणून. मी आपणहून जाते. एक नवी नर्स आली आहे क्वायरमध्ये, तिलाही वरचाच सूर हवा. कानामागून आली आणि तिखट झाली.

उपासनेनंतर प्लंबर मुद्दाम येऊन म्हणाला, "बाई, आज तुमचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत येत होता." रसिकता कुठे सापडेल सांगता येत नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार

सूनबाईची कल्पना: प्रदर्शनात नुसती चित्रं नकोत, लोकांना मंडळीचं गाणं ऐकताही यावं. हेडफोन लावायचा, बटण दाबायचं. त्यासाठी क्वायरचं गाणं आज रेकॉर्ड केलं. कोणी कसं उभं राहायचं ते मीच ठरवलं. सूनबाई मला जरा मागे उभं राहायला सांगत होती, यंत्राच्या सोयीसाठी. मी म्हटलं, यंत्रानं माझी सोय बघावी. कोणीतरी गैरहजर होतं, चालायचंच. मला कधी सर्दी झाली तरी मी खाडा केला नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

आज हॉलमध्ये रेकॉर्डिंग ऐकलं. पाळकसाहेब, घड्याळजी, नर्स, सूनबाई सगळे होते. मी हेडफोन लावला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. अहाहा! कित्येक वर्षांनी एक यंत्र असं भेटलं जे तोंडातल्या तोंडात बोलत नाही. ऑर्गनचा श्वास ऐकू आला, पुरुषांचा खालचा सूर ऐकू आला.

आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला एक आवाज. फाटका, थरथरता, तालाच्या मागून फरफटत येणारा. वर चढायला जायचा आणि मधल्या पायरीवरच बसून घ्यायचा. मी हेडफोन काढून विचारलं, "ही कोण? गंजलेली बिजागरी बरी! साहेब, हिला थोडे दिवस घरी बसवा. दया म्हणून सगळं चालवून घ्यायचं नसतं." आणि नर्सकडे पाहिलं, कारण कान माझे आहेत, मला सांगायला लागत नाही.

घड्याळजी मनगटावरच्या घड्याळाला चावी देत राहिले. नर्सचा चेहरा लाल झाला. मग माझ्या अगदी समोर येऊन ती मोठ्यानं म्हणाली, "हो बाई. मीच ती. मी सराव करते."

चूक कबूल केली, एवढं बरं केलं. बोलावं लागतं कधी कधी. लूथर तरी कुठे गोड बोलला?

तोच दिवस, संध्याकाळ

घरी येईपर्यंत सूनबाई माझ्या दोन पावलं पुढेच चालत होती. दार लावलं, माझ्यासमोर उभी राहिली आणि ओरडली. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"आई, नर्स त्या दिवशी ड्यूटीवर होती. त्या रेकॉर्डिंगमध्ये ती नाहीच!"

मी म्हटलं, मग ती हो का म्हणाली?

"तुमच्यासाठी. तो आवाज तुमचा आहे."

एवढं बोलून तीच रडायला लागली. मी जाऊन दाराची घंटा दाबून पाहिली. का, ते माहीत नाही. तिला विचारलं, वाजली का? ती म्हणाली, "वाजली, आई."

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आज काही लिहिण्यासारखं नाही. भांडी घासली. रेडिओ लावला नाही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

घड्याळजींच्या दुकानात गेले. भिंतभर घड्याळं. मला एकाचंही टिकटिकणं ऐकू येत नव्हतं, हे पहिल्यांदाच लक्षात आलं. इतके दिवस मी समजत होते, ती सगळी बंद पडली आहेत म्हणून दुरुस्तीला आली आहेत.

मी म्हटलं, "मोठ्यानं बोला आणि खरं बोला. माझा सूर कधीपासून उतरलाय?"

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "बरीच वर्षं झाली."

"आणि तुम्ही गप्प?"

"मी पट्टी उतरवली. तुम्ही उतरलात की मी आणखी उतरवायचो."

"कोणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"तुमच्या ह्यांनी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "हॉस्पिटलात भेटायला गेलो होतो तेव्हा म्हणाले, तिला वर चढायला लावू नकोस. तूच खाली ये."

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही मोठीच गैरसोय आहे. मी विचारलं, "म्हणजे सगळी मंडळी इतकी वर्षं माझ्यापायी खर्जात गातेय?"

"प्लंबरला बरं पडतं," घड्याळजी म्हणाले.

मला हसू आलं. मग ते हसणं भलतीकडेच गेलं आणि घड्याळजींना शटर अर्धं ओढून घ्यावं लागलं.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

शेवटी कान दाखवले. पान नव्हे, कान! सूनबाईनं तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करत होता? टेलिफोन ऑपरेटर म्हटल्यावर "अच्छा" म्हणाले, जसं काही पोस्टमननं पाय दुखतात म्हणून सांगावं.

यंत्र बसवलं. वाटाण्याएवढं आहे आणि किंमत ऐकू येऊ नये म्हणून डॉक्टरांनी ती कान लावण्याआधीच सांगितली. घरी आले, तर घर की गिरणी? पंखा कुरकुरतो, नळ ठिबकतो, माझ्या सपाता चालताना माझी निंदा करतात. सूनबाई मुळीच पुटपुटत नाही. चांगलं ठणठणीत बोलते, आणि मी खोलीत नाही असं वाटलं की जास्तच ठणठणीत. नवऱ्याला फोनवर सांगत होती, "कंपनीचं क्वार्टर मिळतंय तर मिळू दे. मी इथेच राहणार. नाही, कारण काही नाही." कारण नाही तर राहते कशाला, कोण जाणे. छपाईचं दुकान फारच आवडलेलं दिसतंय.

आणि भांडी घासताना ती गाते! स्वच्छ, सरळ, कुठेही न अडखळता. मी दारात उभी राहिले तशी गप्प झाली.

"तू गातेस? मला कधी सांगितलं नाहीस!"

ती हात पुसत म्हणाली, "तुम्ही गात होता ना."

मी कपाटातून उगाच डबा काढला आणि परत ठेवला.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

नर्सला भेटायला हॉस्पिटलात गेले. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे मुद्द्यावर फार आडवळणानं आले. ती एका म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर बघत होती. मी म्हटलं, "तू खोटं का बोललीस?" माफीची सुरुवात अशी नसते, कळतं मला.

ती म्हणाली, "बाई, सगळे गप्प होते. कोणीतरी हो म्हणायलाच हवं होतं. आणि मला काय, मी रोज शिव्या खाते इथे."

मग मी जे म्हणायचं ते म्हटलं. म्हातारा मध्येच म्हणाला, "बोला, बोला, मी ऐकत नाही," आणि मान पुढे काढून ऐकत राहिला. शेवटी मी उदार होऊन जाहीर केलं की धर्मसुधारणा दिनाला मी एकटीनं म्हणायचं ते कडवं तिला देते आहे.

ती चाचरली. "ते... सप्टेंबरपासून माझ्याकडेच आहे, बाई."

तिथून तडक पाळकसाहेबांकडे. विचारलं, "त्या दिवशी दारात तुम्ही मला काय घ्यायला सांगितलं होतं?"

"विश्रांती," ते म्हणाले.

"आणि समिती?"

ते खुर्चीत लहान झाले. "तुम्हाला वाईट न वाटता क्वायरमधून बाहेर काढायचा रस्ता सापडत नव्हता. सरळ सांगायची हिंमत झाली नाही."

"लूथर सम्राटासमोर उभा राहिला. तुम्हाला एका म्हाताऱ्या बाईची भीती?"

"सम्राट त्याला दर रविवारी भेटत नव्हता हो."

मी म्हटलं, अध्यक्षपद ठेवा तुमच्याकडे. कप कोणाकडून विसळून घ्यायचे तेही बघा. उठलेच होते. ते म्हणाले, "समिती हा बहाणा होता, हे खरं. पण बुधवारी इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं."

"चहाला येतात."

"चहा माझ्या वर्गालाही होता."

मी परत बसले. फक्त गुडघ्यांसाठी.

२७ ऑक्टोबर, बुधवार

शेवटचा वर्ग. हजेरी घेतली नाही. प्लंबरनं विचारलं, सही कुठे करू? मी म्हटलं, राहू द्या. तो घाबरला. आपलं नाव काढून टाकलं की काय, म्हणाला.

रेकॉर्डिंग प्रदर्शनातून काढू या का, असं सूनबाईनं विचारलं. आधी हो म्हटलं. मग नको म्हटलं. परत हो म्हटलं. राहिलं ते शेवटी, कारण तिला दुसरं करायला वेळ नव्हता.

३१ ऑक्टोबर, रविवार

पार पडलं. अधिकृत वहीत 'अत्यंत उत्साहात' असं लिहिलं आहे. इथे खरं.

सकाळी घड्याळजींना सांगितलं होतं, आज मुख्य गीत मूळ पट्टीत वाजवा. आता माझी अडचण नको. ते "बघा हं" म्हणाले. मी म्हटलं, बघायचं काय त्यात?

व्याख्यान झालं. क्वायर आणि प्लंबर यांच्याबद्दलचा भाग मी गाळला. त्यामुळे व्याख्यान छोटं झालं आणि लोकांनी त्याची फार स्तुती केली. एवढंच सांगितलं की लूथरनं लोकांना गाणं दिलं ते त्यांना गाता येत होतं म्हणून नव्हे. परीक्षा घेऊन दिलं नाही. दिलं, म्हणून ते गायले. हे बोलताना मला मध्येच थांबावं लागलं. कानात यंत्र नवीन आहे, आपलाच आवाज घुमतो.

मग क्वायर उभा राहिला आणि मी व्यासपीठावरून उतरून मधल्या वाटेनं चालत गेले. पुढच्या बाकांवर लोक सरकून जागा देत होते, पण तिथे बसले तर सगळ्यांची नजर पाठीवर. शेवटच्या बाकावर प्लंबरशेजारी जागा होती. नेहमीच असते. सूनबाई मागोमाग आली. तिला म्हटलं, तू जा क्वायरमध्ये, नर्सच्या बाजूला उभी राहा. ती म्हणाली, "पुढच्या वेळी," आणि माझ्या पलीकडे उभी राहिली.

नर्सनं पहिलं कडवं एकटीनं म्हटलं. छानच. मला त्यात खोट काढता येईना, आणि ही सवय इतक्यात सुटायची नाही. मग ऑर्गन भरून आला आणि सगळी मंडळी उठली.

मूळ पट्टी! इतकी वर्षं सगळे माझ्यामुळे खाली राहून खालचेच झाले होते. दुसऱ्या ओळीला वर जायचं होतं, तिथे अख्खी मंडळी कोसळली. कोणी किंचाळलं, कोणी मध्येच खोकल्याचं निमित्त काढलं, डॉक्टरांच्या बायकोनं चक्क डोळे मिटून घेतले. पाळकसाहेबांचा आवाज, जो मी आजवर गोड समजत होते, तो बकरीचा आहे. कानातल्या वाटाण्यानं एकालाही माफ केलं नाही. मी मान वळवून वळवून ऐकत होते. एक्स्चेंजच्या बोर्डावर सगळे दिवे एकदम पेटावेत तसं. हा कोणाचा, तो कोणाचा, सगळे ओळखीचे, सगळे बेसूर. आणि थांबत एकही नव्हता.

पुढच्या कडव्याला घड्याळजी न विचारता खाली आले. पहिल्यासारखे.

मी गायले. माझाही आवाज ऐकू आला मला. बिजागरीच आहे, मी म्हटलं होतं त्यात काही चूक नव्हती. एका बाजूला सूनबाई सरळ रेघेसारखी, दुसऱ्या बाजूला प्लंबर. शेवटपर्यंत गायले. डोळ्यांना पाणी आलं ते मेणबत्त्यांच्या धुरानं असेल.

आशीर्वाद झाला, लोक चहाकडे धावले. प्लंबर मात्र टोपी हातात फिरवत तिथेच घुटमळला. काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "बोला, आता हळू बोललात तरी चालतं."

"बाई," तो म्हणाला, "पुढच्या रविवारीही इथेच उभ्या राहाल का? तुम्ही शेजारी असलात की माझं झाकून जातं."

असला अपमान माझा जन्मात कोणी केला नव्हता. मी त्याला म्हटलं, "मी वेळेवर येते. जागा धरून ठेवा."